रात्री जुळणारा पूल

कर्वे रस्त्याच्या मधोमध पत्रे उभे राहिले तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हापासून पुण्याच्या मेट्रोचे काम पाहण्याचा मला छंदच जडला. खांब उभे राहताना दिवसा दिसत. पण त्यांवरचा पूल केव्हा तयार होतो, हे कोडे एका रात्री घराच्या गॅलरीत उलगडले.

काँक्रीटचे पोकळ ठोकळे दुसरीकडे आधीच ओतून ठेवलेले असतात. रहदारी ओसरली की ते ट्रेलरवरून येतात. खांबांवर टेकलेली अजस्र लोखंडी तुळई त्यांना एकेक करून उचलते आणि टांगून धरते. सांध्यांना चिकट लेप लावून ते जुळवतात. मग आतून पोलादी तारांचे जुडगे ओवून जॅकने ताणतात. दोरा ताणला की माळेतले मणी घट्ट बसावेत, तसे! एवढा ताण बसल्यावरच पूल स्वतःचा भार पेलतो आणि तुळई पुढच्या खांबाकडे सरकते.

लकडी पुलापाशी मात्र काम अडले. विसर्जनाचे उंच रथ याखालून जाणार कसे, असे २०२१ साली गणेश मंडळांनी विचारले. मी ढोलपथकातला. त्यामुळे घरी वाद झाला की मी दोन्ही बाजूंनी बोलत असे. अखेर पूल जुळला. वनाज ते गरवारे कॉलेज गाडी ६ मार्च २०२२ रोजी सुरू झाली होती, ती १ ऑगस्ट २०२३ रोजी रूबी हॉलपर्यंत गेली.

हल्ली मिरवणुकीनंतर ढोल घेऊन लकडी पुलावरून घरी परततो, तेव्हा डोक्यावरचे सांधे मोजत चालतो.