राजीखुशीचे दानपत्र : ख्रिस्ती आत्मत्यागाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुन्या दस्तऐवजांची दफ्तरे ज्यांनी चाळली असतील त्यांना ठाऊक असेल की, दानपत्र असो वा बक्षीसपत्र, लिहून देणारा आपण ते राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून देत आहोत असे नमूद करतो, आणि जी मिळकत द्यावयाची तिचा मालक आपणच आहोत हेही स्पष्ट करतो. कारण खुशी, शुद्ध बुद्धी आणि मालकी या तिन्हींपैकी एकीचा जरी अभाव असला, तरी कागदावरील शब्द कितीही गोड असोत, ते दान ठरत नाही. घरातली चीजवस्तू दानानेही बाहेर जाते आणि जप्तीनेही बाहेर जाते, रस्त्यावरून पाहणाऱ्याला दोन्ही वेळी एकच दृश्य दिसते. परंतु एकीने देणारा मोठा होतो आणि दुसरीने तो नागवला जातो. ख्रिस्ती धर्माने ज्याला अनुयायित्वाचा गाभा मानले आणि विसाव्या शतकात मानसशास्त्रानेही ज्याचा आपल्या पद्धतीने शोध घेतला, त्या आत्मत्यागाविषयीचे जे गैरसमज चर्चच्या आत व बाहेर सारखेच रूढ आहेत, ते बहुतांशी हा भेद विसरल्यामुळे उत्पन्न झाले आहेत. त्यांपैकी पाचांचा येथे विचार करू.

गैरसमज पहिला : आत्मत्याग म्हणजे स्वतःला तुच्छ लेखून आपले स्वत्व पुसून टाकणे.

वस्तुस्थिती : येशूने अनुयायांना स्वतःचा नाकार करून वधस्तंभ उचलावयास सांगितले, हे खरे. परंतु सर्वांत मोठी आज्ञा कोणती असे विचारले असता, देवावरील प्रीतीखालोखाल त्याने जी आज्ञा सांगितली, आणि जी मोशेच्या नियमशास्त्रातील ‘लेवीय’ या पुस्तकात आधीपासून होती, ती शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची आहे. म्हणजे शेजाऱ्याला मोजून देण्याचे माप म्हणून स्वतःवरील निरोगी प्रीतीच तेथे गृहीत धरलेली आहे. बाराव्या शतकातील फ्रेंच मठाधिपती संत बर्नार्ड याने देवावरील प्रीतीविषयीच्या आपल्या ग्रंथात प्रीतीच्या चार पायऱ्या वर्णिल्या आहेत. पहिल्या पायरीवर मनुष्य स्वतःकरिता स्वतःवर प्रेम करतो, आणि सर्वांत वरच्या, चौथ्या पायरीवर देवाकरिता स्वतःवर प्रेम करतो. एवढा उंच चढूनही ‘स्वतः’ हा शब्द त्या साधकाच्या वाट्यातून गळलेला नाही. तो शुद्ध होऊन परत आलेला आहे.

व्हिएन्नाचे मनोरोगतज्ज्ञ विक्टर फ्रांकल (१९०५–१९९७) यांना अमेरिकेचा परवाना मिळाला असतानाही त्यांनी वृद्ध आईबापांसाठी तो वाया जाऊ दिला, पुढे नाझी छळछावण्यांचा अनुभव घेतला, आणि तेथून जिवंत परतल्यावर १९४६ साली लिहिलेल्या ग्रंथात व नंतरच्या लेखनात असे प्रतिपादन केले की, मनुष्य एखाद्या कार्यात वा व्यक्तीच्या प्रेमात स्वतःला जितका विसरतो तितका तो स्वतः होतो, आणि आत्मविकास हे थेट लक्ष्य केले असता तो हाती लागत नाही. निरोगी डोळा स्वतःला पाहत नाही, जग पाहतो, असा दाखला ते देत. ज्यांनी १९४३ साली मानवी गरजांची सुप्रसिद्ध उतरंड मांडली त्या अब्राहम मॅस्लो यांनीही आयुष्याच्या उत्तरार्धात आत्मविकासाच्याही पलीकडे आत्मातिक्रमणाची भूमी मान्य केली. डोळा स्वतःला विसरतो तो निरोगी असतो म्हणून; फुटलेला डोळाही स्वतःला पाहत नाही, पण त्याला जगही दिसत नाही.

गैरसमज दुसरा : जितके दुःख अधिक, तितके पुण्य अधिक.

वस्तुस्थिती : पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात, सर्वस्व वाटून टाकले आणि देहही अर्पण केला, परंतु प्रीती नसली तर त्यापासून काहीच लाभ नाही, असा निर्वाळा दिलेला आहे, यापेक्षा स्पष्ट निकाल दुसरा कोणता हवा? आरंभीच्या मंडळीनेही हा विवेक सोडला नव्हता. दुसऱ्या शतकात स्मुर्णा येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प यांच्या हौतात्म्याची हकीकत तेथील मंडळीने पत्ररूपाने कळविली, तीत क्विंटस नावाच्या एका फ्रुगियाच्या मनुष्याचा उल्लेख आहे. तो आपण होऊन मरणासाठी पुढे झाला, इतरांनाही त्याने भरीस घातले, आणि हिंस्र श्वापदे समोर दिसताच त्याचे अवसान गळाले. अशा रीतीने मरण ओढवून घेणाऱ्यांची आम्ही प्रशंसा करीत नाही, असा अभिप्राय त्या पत्रलेखकांनी नोंदविला. स्वतः पॉलिकार्प लोकांच्या आग्रहावरून शहराबाहेरील एका मळ्यात जाऊन राहिले होते, आणि पकडले गेल्यावर मात्र त्यांनी मरण शांतपणे स्वीकारले.

पोलंडमधील फ्रान्सिस्कन धर्मगुरू माक्सिमिलियन कोल्बे यांची गोष्ट हेच सांगते. १९४१ साली आउश्वित्झच्या छावणीत उपासमारीच्या शिक्षेसाठी निवडलेल्या कैद्यांपैकी एक जण बायकामुलांच्या आठवणीने आक्रोश करू लागला, तेव्हा कोल्बे रांगेतून पुढे आले आणि त्यांनी त्याच्या जागी स्वतःला घेण्याची विनंती केली. १४ ऑगस्ट रोजी त्यांचा अंत झाला. त्यांनी वाचविलेला तो मनुष्य १९८२ साली त्यांना संतपद दिले गेले त्या समारंभास हजर होता आणि १९९५ पर्यंत जगला. कोल्बे यांनी मागितले ते एका बापाचे आयुष्य होते. भूक ही त्याची किंमत होती, आणि किंमत जबर होती म्हणून ती चुकविणाऱ्याचे प्रेम दिसून आले, एवढाच दुःखाचा येथे संबंध आहे.

गैरसमज तिसरा : आत्मत्यागी मनुष्याने कोणालाही ‘नाही’ म्हणू नये, अन्यायही निमूटपणे सोसावा.

वस्तुस्थिती : सर्वांत अधिक हानी याच समजुतीने केली आहे, आणि ती बहुधा घरातल्या स्त्रियांची, थोरल्या मुलींची आणि दुर्बळांची केली आहे, म्हणून येथे थोडे थांबणे अगत्याचे आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात येशू सांगतो की, त्याचा प्राण कोणी त्याच्यापासून हिरावून घेत नाही, तो आपण होऊन देतो. राजीखुशीची ही अट त्या त्यागाच्या मुळाशीच आहे. त्याच शुभवर्तमानात महायाजकापुढील चौकशीत एका शिपायाने त्याला चपराक मारली, तेव्हा मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, नाहीतर मला का मारतोस, असा जाब त्याने विचारलेला आहे. फिलिप्पै येथे चौकशीवाचून फटके मारून बंदीत टाकलेल्या पौलाला अधिकारी गुपचूप सोडून देऊ लागले, तेव्हा आपण रोमी नागरिक असून त्यांनी स्वतः येऊन आपणांस बाहेर न्यावे, असा आग्रह त्याने धरला. क्षमा करणे निराळे आणि अन्यायाला न्याय म्हणणे निराळे.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने पुनःपुन्हा वाचण्यासारखे आहे. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यानंतर तेथील जोगीण सिस्टर जेराल्डिन यांच्याशी आणि इतर धर्माधिकाऱ्यांशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, आणि जो १९७७ साली ग्रंथरूपाने मुंबईत प्रसिद्ध झाला, त्यात रमाबाई निःसंदिग्ध शब्दांत कळवितात की, आपण ख्रिस्ताच्या मंडळीच्या सभासद असलो तरी धर्माधिकाऱ्यांच्या मुखातून पडणारा प्रत्येक शब्द मान्य करण्यास बांधील नाही, आणि एका पुरोहितवर्गाचे जोखड महत्प्रयासाने उतरविल्यावर तसेच दुसरे मानेवर घेणार नाही. उपकारकर्त्यांनाही ‘नाही’ म्हणणाऱ्या याच स्त्रीने १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात स्वतः जाऊन शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या, केडगाव येथे ‘मुक्ती’ची वसाहत उभारली, आणि पुढचे सारे आयुष्य त्यांच्यावर वेचले. स्वतःचे आईवडील तिने तारुण्याच्या उंबरठ्यावर दुष्काळातच गमावले होते. वाँटेजचा नकार आणि केडगावचे समर्पण ही एकाच मनाची दोन रूपे आहेत. कारण जिची सदसद्विवेकबुद्धी स्वतःच्या मालकीची राहिली, तिलाच ती मिळकत पुढे दान करता आली.

याच विषयाची दुसरी बाजू म्हणजे, त्यागाचा निर्णय एकाचा आणि त्याची झळ दुसऱ्याला. नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो सत्यनिष्ठेने घेतला, यात शंका नाही. पण त्यामुळे पत्नी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला जी पाचेक वर्षांची ताटातूट आली ती त्यांनी निवडलेली नव्हती. त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त हे सारे निर्मळपणे सांगितले आहे, आणि पुढे १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या विचाराअंती, पतीच्या हुकुमाने नव्हे. दुसऱ्याच्या नावाने दानपत्र लिहिण्याचा मुखत्यार कोणीच कोणाचा नाही.

आधुनिक अभ्यासकांनीही हाच व्रण ओळखला. व्हॅलरी सेव्हिंग या अमेरिकन विदुषीने १९६० साली एका गाजलेल्या निबंधात दाखवून दिले की, गर्व हेच पाप आणि आत्मविलोपन हाच त्यावरील उपाय, ही मांडणी मुख्यतः पुरुषांच्या अनुभवातून आलेली आहे. स्त्रीचा मोह पुष्कळदा याच्या उलट, म्हणजे स्वतःला घडू न देता इतरांत विरघळून जाण्याचा असतो. कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली स्त्रियांच्या नैतिक विकासाचा जो क्रम मांडला, त्यात आत्मत्याग म्हणजेच चांगुलपणा मानणे हा मधला टप्पा आहे, आणि ज्यांची काळजी घ्यावयाची त्यांत स्वतःचाही समावेश करणे हा त्यापुढचा. व्हिकी हेल्गसन यांच्या संशोधनात, स्वतःला पूर्णपणे वगळून इतरांतच गुंतण्याची वृत्ती आणि मानसिक क्लेश यांचा संबंध आढळला; इतरांविषयीच्या साध्या आस्थेचा मात्र तसा संबंध आढळला नाही.

गैरसमज चौथा : सेवा करणाऱ्याने विश्रांती घेणे हा स्वार्थ होय.

वस्तुस्थिती : मार्काच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात, अख्खे गाव दाराशी लोटल्याच्या दुसऱ्या पहाटे येशू एकांती जाऊन प्रार्थना करीत आहे, आणि सहाव्या अध्यायात, जेवायलाही सवड न मिळालेल्या शिष्यांना तो निवांत स्थळी येऊन थोडा विसावा घ्यावयास सांगत आहे. संत बर्नार्डनेच एका प्रवचनात उपदेशिले आहे की, मिळताक्षणी सारे वाहून देणाऱ्या पाटासारखे न होता, आधी भरून मग ओसंडणाऱ्या जलाशयासारखे व्हावे. इकडे १९७४ साली हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसोपचारतज्ज्ञाने समाजसेवी दवाखान्यांत निष्ठेने राबणाऱ्या कार्यकर्त्यांचीच शक्ती व उमेद करपून जाताना पाहिली आणि त्या अवस्थेचे वर्णन केले. १९८१ साली क्रिस्टिना मॅस्लाक व सुसान जॅक्सन यांनी तिचे मोजमाप करण्याचे साधन प्रसिद्ध केले. भावनिक थकवा आणि ज्यांची सेवा करावयाची त्यांच्याविषयीच बधिरता, ही त्यातील दोन प्रमुख लक्षणे होत. म्हणजे विसावा नाकारणाऱ्याच्या हातून प्रथम प्रेमच निसटते.

गैरसमज पाचवा : त्यागातून देणाऱ्याला आनंद वा लाभ झाला, तर तो त्याग खोटा, सारा परोपकार अखेर स्वार्थच.

वस्तुस्थिती : डॅनियल बॅट्सन व सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, एका स्त्रीला विजेचे धक्के बसत आहेत असा आभास निर्माण करून पाहणाऱ्यांना तिची जागा घेण्याची संधी दिली, तेव्हा तेथून सहज निघून जाण्याची मुभा असूनही, ज्यांच्या मनात तिच्याविषयी खरी कणव जागी झाली होती त्यांच्यापैकी बहुतेकांनी तिची जागा घेण्याची तयारी दर्शविली. केवळ स्वतःची अस्वस्थता टाळणे एवढाच हेतू असता, तर दार उघडेच होते. पुढे स्टेफनी ब्राउन व सहकाऱ्यांनी ४२३ वृद्ध जोडप्यांचा पाच वर्षे मागोवा घेऊन २००३ साली नमूद केले की, इतरांना आधार देणाऱ्यांत त्या काळातील मृत्यूचे प्रमाण कमी होते. आधार घेण्याशी तसा संबंध दिसला नाही. २०१२ साली सारा कॉनरथ यांच्या अभ्यासात तर असे आढळले की, इतरांसाठी म्हणून स्वयंसेवा करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कमी होते, परंतु स्वतःच्या फायद्यासाठी ती करणाऱ्यांचे प्रमाण सेवा न करणाऱ्यांइतकेच होते. अशा पाहणीवरून कार्यकारणाचा अखेरचा निकाल देता येत नाही, तरी तिची दिशा विचारात घेण्याजोगी आहे. योहानाच्या बाराव्या अध्यायातील गव्हाचा दाणा जमिनीत पडून मरतो तेव्हा पुष्कळ पीक देतो. पीक येते म्हणून पेरणे खोटे ठरत नाही.

रमाबाईंच्या बाबतीतही हेच घडले. केडगावच्या अहोरात्र रगाड्यातच त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल साध्या मराठीत उतरविले, आणि १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा हिचा वियोग सोसूनही ते काम तडीस नेऊन ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला. ज्या स्त्रीने इतके दिले तिच्यापाशी अखेरपर्यंत देण्यासारखे उरले होते.

तेव्हा मंडळीत, आश्रमात वा घरात जे अधिकाराच्या जागी आहेत त्यांना एवढीच विनंती की, ख्रिस्ताचे नाव घेऊन दुसऱ्याकडून त्याग वसूल करू नका; त्याने स्वतःचा प्राण दिला, इतरांचा मागून घेतला नाही. आणि ज्याला द्यावयाचे आहे त्याने, लूकाने अनुयायाने उचलावयाच्या वधस्तंभाला ‘दररोज’ हा शब्द जोडला आहे हे ध्यानी ठेवून, रुग्णाच्या उशाशी जागण्यासारख्या लहानशा दानापूर्वीही स्वतःला तीन प्रश्न विचारावेत : हे माझे आहे काय, मी ते खुशीने देत आहे काय, आणि शुद्ध बुद्धीने, खऱ्या गरजेसाठी देत आहे काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले, तर हात आखडू नये. एकाचेही नकारार्थी आले, तर प्रथम त्या उत्तराकडे लक्ष द्यावे, आणि तसे करताना आपण देवाच्या आज्ञेबाहेर जात आहोत अशी भीती बाळगू नये.