कॉफीला या!

मैत्रिणींनो, डिसेंबर उजाडला की आमच्या महाडची हवा बदलते. एरवी घामाच्या धारा काढणारं हे गाव, पण पहाटे सावित्रीच्या काठाला धुकं उतरतं आणि पोरं शाळेला स्वेटर घालून निघतात. पोलादपूरकडे, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाड्यांमध्ये तर थंडी आणखी बोचरी. अशा दिवसांत हातात काहीतरी गरम हवंच. आमच्याकडे ते म्हणजे गवती चहा नाहीतर आल्याचा चहा. त्यात गेल्या डिसेंबरात एकाची भर पडली. ती कशी पडली आणि तिच्यामुळे आमच्या घरात काय झालं, ते आज सांगते.

लेक पुण्याहून सुट्टीला आली होती. म्हणाली, “आई, तिकडे कॅफेत नाताळच्या दिवसांत पेपरमिंट मोका मिळते. चॉकलेट, कॉफी आणि पुदिना. आपण घरी करूया?”

“पेपरमिंट म्हणजे आमच्या लहानपणी वाण्याकडे मिळायची ती पांढरी गोळी?”

“तीच चव गं, पण कॉफीत.”

किंमत विचारली तर एका कपाचे दोनशेच्या वर! तेवढ्या पैशात घरातल्या चार-पाच जणांची कॉफी होईल, असा हिशेब करून मी पदर खोचला. मोठा जोर केला. पुदिन्याची अख्खी जुडी दुधात टाकली आणि चांगली खळखळून उकळली. दूध हिरवट झालं, वर कोको आणि कॉफी पडल्यावर त्याला शेवाळी रंग आला. यजमानांनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि विचारलं, “चटणी आली. भजी कुठायत?”

आमचं हसणं ऐकून जाऊबाई आतून आल्या. मी त्यांना ताई म्हणते. पातेल्यात डोकावून म्हणाल्या, “अगं, गवती चहा उकळतात, पुदिना नाही. त्याला नुसती गरम पाण्याची वाफ दाखवायची आणि झाकण ठेवायचं. उकळलास की त्याचा पाला होतो.”

मोरीपाशी फुटक्या बादलीत पुदिना लावलाय तो ताईंनीच. आणि त्यांचं म्हणणं किती बरोबर होतं, ते लेकीनं नंतर वाचून सांगितलं. कॅफेत वापरतात तो पेपरमिंट वेगळा. आपल्या चटणीच्या पुदिन्याचाच तो भाऊबंद, पण त्यात मेंथॉल भरपूर असतं. उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूला शेतकरी मेंथा लावतात, त्याच्या तेलातून निघतं तेच हे मेंथॉल. आपल्या सर्दीच्या बामात आणि टूथपेस्टमध्येही तेच. आपल्या घरच्या पुदिन्यात ते कमी, म्हणून त्याचा गारवा सौम्य असतो. त्याचा सुगंध उडून जाणारा, म्हणून फार उकळलं की वास जातो आणि पाल्याची चव राहते.

गरम कॉफी पितानाही पुदिन्यानं तोंड गार का वाटतं, याचंही मला नवल वाटलं. आपल्या जिभेत आणि कातडीत थंडी ओळखणारे बारीक दरवाजे असतात. मेंथॉल त्याच दरवाजांची कडी काढतं आणि मेंदूला वाटतं थंडी आली. हे दरवाजे शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन या शास्त्रज्ञांना ऊब, गारवा आणि स्पर्श आपल्याला कसा कळतो या कामासाठी २०२१ साली नोबेल मिळालं. आपल्या मोरीतल्या पुदिन्याचं नातं असं थेट नोबेलपर्यंत!

दुसऱ्या दिवशी कॉफी ताईंनीच केली. शेवटी सवयीनं चिमूटभर जायफळ किसून घातलं. लेक ओरडली, “मोठी आई, त्यात जायफळ नसतं!” ताई म्हणाल्या, “तुझ्या कॅफेत नसेल. कोकणातल्या कॉफीत असतं.” खरंच आहे. आपल्याकडे चहा रोजचा, पण पाहुणे आले, रात्रीचं जागरण असलं, कुणाचा उपास असला की जायफळ घातलेली कॉफी. आणि जायफळ तर आपल्याच नारळी-पोफळीच्या बागांतलं. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं जायफळाच्या ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जातीही काढल्या आहेत. कॉफीसुद्धा आपल्याला अगदी परकी नाही. ती कर्नाटकातून येते हे खरं, पण आपल्या चिखलदऱ्यातही कॉफीची झाडं आहेत.

आता कृती देते. चार-पाच मध्यम कपांची आहे.

साहित्य : दूध तीन कप, पाणी अर्धा कप, साखर तीन मोठे चमचे, पुदिन्याची कोवळी पानं २० ते २५, कोको पावडर दोन मोठे चमचे, डार्क चॉकलेटचा ४० ग्रॅमचा तुकडा, इन्स्टंट कॉफी तीन लहान चमचे, चिमटीभर मीठ, जायफळ, वरून घालायला घरची साय.

कृती : आधी पुदिना धुऊन पानं तळहातावर हलकी चुरगाळा. साखर आणि पाणी एकत्र उकळा, गॅस बंद करा, मग त्यात पानं टाकून सात-आठ मिनिटं झाकून ठेवा. गाळणीतून गाळून घ्या आणि पानं चमच्यानं दाबा. झालं पुदिन्याचं पाणी.

कोको थेट दुधात टाकू नका. त्यात तेलकटपणा असतो, म्हणून तो वर तरंगतो आणि गुठळ्या होतात. वाटीत दोन-तीन चमचे गरम दूध घेऊन आधी त्याची पेस्ट करा. बाकीचं दूध तापवा, उकळी फुटायच्या आत गॅस बारीक करून पेस्ट मिसळा आणि दोन मिनिटं ढवळा. गॅस बंद करून चॉकलेटचे तुकडे आणि मीठ घाला. मीठ ऐकून दचकू नका, चिमटीभर मिठानं चॉकलेटचा कडवटपणा मऊ होतो. कॉफी दोन चमचे गरम पाण्यात विरघळवून सगळ्यात शेवटी घाला. मग पुदिन्याचं पाणी घाला.

आता रवी घ्या. कॅफेत फेसासाठी मशीन असतं, आपल्याकडे आजीची रवी आहे. मिनिटभर घुसळलं की छान फेस येतो. कपात ओतून वर फेटलेली साय, थोडं किसलेलं चॉकलेट, जायफळ आणि पुदिन्याचं एक पान ठेवा. साखरेऐवजी गूळ हवा असेल तर पुदिन्याचं नुसतं पाणी करा आणि कप खाली उतरवल्यावर गूळ विरघळवा. उकळत्या दुधात गूळ टाकला तर दूध फाटायची भीती. कॉफीच्या पाकिटावर चिकोरी किती टक्के आहे, तेही वाचून घ्या. चिकोरी जास्त असेल तर रंग गडद येतो, पण कॉफीचा स्वाद कमी.

तर कॉफी जमली. पण मला सांगायचंय ते याच्या पुढचं.

भाऊजी जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून दर संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू असलं की तिळाचे लाडू ताई वळतात, वाणाच्या वस्तू ताई मोजतात, आणि बायका यायला लागल्या की ताई आत जाऊन बसतात. त्यांना कुणी जा म्हणत नाही. कुणी बाहेर या असंही म्हणत नाही. मी बचत गटाच्या बैठका घेते, पोलादपूरच्या वाड्यांवर जाऊन बायकांना त्यांचे हक्क सांगते, आणि माझ्याच घरात नऊ वर्षं हे चाललं होतं. लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच लिहिते आहे.

ती कॉफी पिताना लेक म्हणाली, “आई, हळदीकुंकवाला नियम आहेत. कॉफीला कुठे आहेत?”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. खरंच, ही नवी आलेली कॉफी. ती कुणी करायची, कुणी वाढायची, आधी कुणाला द्यायची, हे कुठल्याच पोथीत नाही. मग ठरवलं, २५ डिसेंबरला संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलवायचं. निरोप एवढाच, “कॉफीला या.”

२५ डिसेंबर ही तारीख सुट्टीची म्हणून निवडली, पण महाडमध्ये या तारखेला वेगळाच अर्थ आहे. १९२७ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे मनुस्मृतीचं दहन झालं. अनेक संघटना हा दिवस स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात, आमच्या क्रांतिस्तंभापाशी दरवर्षी माणसं जमतात. त्याच वर्षी २० मार्चला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण त्यातला एक तपशील मला फार उशिरा कळला. तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेनं १९२४ सालीच केला होता. ठराव होता, तळं होतं, पाणी होतं. तरी ओंजळ भरून प्यायला तीन वर्षं लागली, आणि त्यासाठी माणसांना मार खावा लागला.

त्या लढ्याची आणि माझ्या कॉफीची बरोबरी मी मुळीच करत नाही. पण कागद आणि ओंजळ यांच्यातलं अंतर मला तिथे कळलं. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. ते परिपत्रक मी स्वतः बैठकांमध्ये वाचून दाखवलंय. पण ते माझ्या माजघरापर्यंत काही पोचलं नव्हतं.

निरोप गेला अठरा घरी. आल्या सोळा जणी. दोघींनी काहीतरी कारण सांगितलं, मीही जास्त विचारलं नाही. एकीनं आल्या आल्या विचारलं, “हळदीकुंकू आहे ना?” मी म्हटलं, “नाही हो, नुसती कॉफी.” तिनं आपली पर्स पुन्हा नीट मांडीवर घेतली आणि बसली.

ताईंनी कॉफी घुसळली, कप भरले, ट्रे उचलला आणि सवयीनं स्वयंपाकघराच्या दारापाशी थांबल्या. मी पुढे होऊन ट्रे घेणार होते. तेवढ्यात लेकीनं माझा हात धरला. त्या चार-पाच सेकंदांत कुणी काही बोललं नाही. मग शेजारच्या ऐंशीच्या आजी, ज्यांची मला सगळ्यात जास्त धास्ती होती, त्या म्हणाल्या, “अगं आण की लवकर, निवेल ती.”

ताई बाहेर आल्या. पहिला कप आजींनी त्यांच्या हातून घेतला. एक घोट घेतला आणि म्हणाल्या, “साखर कमी आहे. पण वास चांगला सुटलाय.” सगळ्या हसल्या. मग पुदिना कसा लावायचा, चॉकलेट कुठलं घेतलं, असे प्रश्न सुरू झाले आणि उत्तरं द्यायला ताई मधोमध बसल्या. जायच्या वेळी त्या आजी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “पुराच्या वेळी आपण सगळ्यांनी एकाच पातेल्यातला चहा प्यायलो होतो, आठवतं का?” मला आठवत होतं. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर घरोघर गुडघाभर चिखल होता आणि कोण कुणाच्या हातचं पितंय, हे कुणी पाहिलं नव्हतं. भिंती वाळल्या आणि आपण पुन्हा पहिल्यासारखे झालो.

जानेवारीत हीच कॉफी पोलादपूरच्या एका वाडीवर बचत गटाच्या बैठकीत केली. तिथे दूध कमी म्हणून दूध पावडर नेली, सायीला फाटा दिला. एक म्हातारी म्हणाली, “औषधावानी लागतंय, पण बरं वाटतंय.” दोन जणींनी पुदिन्याच्या काड्या लावायला मागून घेतल्या.

थोडं तब्येतीचंही सांगते. रक्त कमी असलेल्या बायकांनी जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर चहा-कॉफी घेऊ नये, त्यानं लोह अंगी लागत नाही. मध्ये एक-दोन तास जाऊ द्यावेत. गरोदरपणी कॉफी बेतानंच, डॉक्टरांना विचारून. लहान मुलांना याच कृतीत कॉफी न घालता द्या, चॉकलेट-पुदिन्याचं दूध त्यांना फार आवडतं.

आणि संक्रांत? यंदा ताई बाहेर बसल्या. सगळ्यांच्या बरोबरीनं त्यांना तिळगूळ दिला, वाण दिलं. हळदीकुंकवाचा करंडा घेऊन मी त्यांच्यासमोर गेले तेव्हा मात्र त्यांनी माझा हात हलकेच धरला. “राहू दे. अजून नको,” म्हणाल्या. मी आग्रह केला नाही. त्यांचं कपाळ, त्यांचा निर्णय. पण उठून आत गेल्या नाहीत, हे मला पुरेसं होतं.

तुमच्याही घरात, शेजारात अशी कुणी आत बसलेली असेल. या थंडीत एकदा ही कॉफी करा आणि तिला हाक मारा. नुसती पाहुणी म्हणून नको, घुसळायला रवी तिच्याच हातात द्या. आणि साखर थोडी जास्त घाला, आमच्या आजींचं म्हणणं बरोबर होतं.