बद्रुद्दीन तय्यबजींचं घराणं: व्यापारातली कमाई मुलांच्या तालीमसाठी

बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी १८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचे अध्यक्ष झाले. पहिले मुस्लिम अध्यक्ष. पण हे घडलं कसं, हे त्यांच्या घराण्याकडे पाहिलं की कळतं.

घराणं मूळचं खंबातचं, सुलेमानी बोहरा. वालिद तय्यब अली मुंबईतले मोठे व्यापारी. आपल्या समाजातली अनेक घरं तेव्हा इंग्रजी शाळेला बिचकत होती. तय्यब अलींनी मात्र मुलांना शिकायला विलायतेला पाठवलं. मोठे भाऊ कमरुद्दीन सॉलिसिटर झाले, बद्रुद्दीन १८६७ मध्ये बॅरिस्टर. पुढे १८७४ मध्ये याच भावांनी साथीदारांसह मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम सुरू केली. तिथे आजही हजारो मुलं-मुली शिकतात.

उमरेडच्या पालकांनो, लग्नाच्या खर्चातून थोडं वाचवा आणि मुलामुलींच्या फीसाठी ठेवा.