डोंगरउतारावरील पायवाट : आखणी आणि पाण्याचा निचरा

इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा भागात नागली-वरईची वरकस राने जंगलाच्या कडेने डोंगरउतारावर आहेत. तिथली पायवाट बहुधा जवळची म्हणून सरळ खाली उतरते. इगतपुरीत वर्षाला ३,००० मि.मी.हून अधिक पाऊस होतो. पाण्यालाही तीच वाट जवळची! काही पावसाळ्यांत तिची घळ होते, गोटे उघडे पडतात, भारा डोक्यावर घेऊन उतरणाऱ्याचा पाय घसरतो. मग शेजारून दुसरी वाट पडते आणि तीही तशीच धुपते. हरिहर किल्ल्याची जवळजवळ उभी वाट टिकली, कारण पायऱ्या कातळात कोरल्या आहेत. माती-मुरमात ते जमत नाही.

वाट उताराला आडवी, हळूहळू चढत न्यावी. सलग समतल चर खोदलेल्यांना वाटही समपातळीत काढावीशी वाटते. ते करू नये. चराने पाणी थांबवायचे असते, वाटेवर ते थांबले तर चिखल होतो. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी आणि सरासरी १० टक्क्यांच्या आत ठेवावा. चर आखायची ए-फ्रेम इथेही चालते. पायांतील अंतर २ मीटर असेल तर मागच्या, म्हणजे खालच्या पायाखाली १६ सें.मी.चा ठोकळा बांधून ओळंबा मध्यावर आणत वर जावे; ८ टक्के चढ मिळतो.

आखणी भर पावसात करावी, कारण पाणी कुठून येते ते तेव्हाच दिसते. खुंट्या मारून ठेवाव्यात. खोदाई दिवाळीच्या सुमारास, जमिनीत ओल असताना करावी, म्हणजे धुम्मसाने माती नीट बसते. वाट भरावावर न घेता डोंगराच्या बाजूने कापून पक्क्या जमिनीवर घ्यावी. १ मीटर रुंदीला दरीकडची कड ५ सें.मी. खाली ठेवावी. शिवाय दर १०-१२ मीटरवर वाट ३-४ मीटर उलट उताराने न्यावी. त्या खोलगट जागेतून पाणी बाहेर पडते. लाकूड-दगडाचे आडवे बांध गाळाने भरतात, त्यापेक्षा हे बरे. ओहळ ओलांडताना वाट दोन्ही बाजूंनी ओहळात उतरावी आणि तळाला मोठे दगड घट्ट बसवावेत. नाहीतर पुराचे पाणी वाटेने पळते.

वनजमिनीत कुदळ मारण्यापूर्वी वनविभागाची परवानगी लागते. गावासाठी शासनामार्फत रस्ता हवा असेल तर वनहक्क कायदा, २००६ चे कलम ३(२) पाहावे : ग्रामसभेची शिफारस, १ हेक्टरपेक्षा कमी क्षेत्र आणि हेक्टरी ७५ पर्यंतच वृक्षतोड या त्यातील अटी आहेत.

वर्दळीने दरीकडच्या कडेला मातीचा वरंबा तयार होतो. तो मजबुतीसाठी ठेवू नका. पाणी अडून वाटेनेच धावते. दरवर्षी मृगाआधी फावड्याने तो काढून खोलगट जागांतला गाळ उपसावा.