फिट आल्यानंतर मेंदूला हळद वाचवते का?

घरात कुणाला फिट येऊन गेली की चार दिवसांत सल्ल्यांचा ढीग पडतो. आता त्यात हळदीच्या कॅप्सूलची भर पडली आहे. हळदीतल्या कुरकुमिनने मेंदूतली सूज उतरते, असं सांगितलं जातं. यात तथ्य आहे, पण ते बहुतांशी प्रयोगशाळेतल्या उंदरांपुरतं.

आधी ही सूज कसली, ते पाहू. फिट येते तेव्हा मेंदूतल्या असंख्य पेशी एकाच वेळी बेभान होतात. हातपाय झाडणं थांबतं, माणूस शुद्धीवर येतो, घरच्यांना वाटतं संपलं. आत मात्र मायक्रोग्लिया नावाच्या पहारेकरी पेशी जाग्या झालेल्या असतात. त्या इंटरल्युकिन, टीएनएफ-अल्फा अशी दाह पेटवणारी रसायनं सोडतात. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा काही काळ सैल पडतो. फिट बराच वेळ चालली असेल, तर स्मरणशक्ती सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या पेशी मरू शकतात. शिवाय हाच दाह उरलेल्या पेशींना आणखी चटकन भडकणाऱ्या बनवतो, म्हणजे पुढच्या फिटची तयारी. नेहमीच्या गोळ्या फिट रोखतात. पण मेंदूत चालणारी ही पुढची प्रक्रिया थांबवणारं औषध अजून हाती नाही. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यातल्या साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या फिट गोळ्यांनीही पुरत्या आटोक्यात येत नाहीत. संशोधक वनस्पतींकडे वळले ते म्हणूनच.

कुरकुमिन हे दाह पेटवणारं पेशीतलं एक मुख्य बटण दाबून धरतं. उंदरांना केनिक आम्ल किंवा पायलोकार्पिन देऊन मुद्दाम फिट आणतात. (गंमत म्हणजे ही दोन्हीही मूळची वनस्पतींकडचीच: पहिलं समुद्री शेवाळातून, दुसरं दक्षिण अमेरिकेतल्या एका झुडपातून.) कुरकुमिन मिळालेल्या उंदरांत पेशींची हानी कमी दिसली, स्मरणाच्या चाचण्याही बऱ्या गेल्या. दिल्लीच्या एम्समध्येही असे प्रयोग झाले आहेत.

अडचण मात्राची आहे. हळद सांगलीच्या पेठेतली घ्या की निजामाबादच्या, तिच्यात कुरकुमिन साधारण २ ते ५ टक्केच. उंदरांना अनेक प्रयोगांत वजनाच्या दर किलोमागे १०० मिलिग्रॅम किंवा जास्त कुरकुमिन दिलं जातं. उंदीर आणि माणूस यांच्यातला फरक धरून हिशेब केला, तरी ६० किलोच्या माणसाला रोज तीसेक ग्रॅम हळद लागेल. त्यातही पोटात गेलेलं कुरकुमिन रक्तात फारसं उतरत नाही. मेंदूपर्यंत पोचणं लांबच. हळदीचं दूध घशाला बरं, पण इथे त्याचा हिशेब जुळत नाही.

यावर तोडगा म्हणून कॅप्सूलवाले मिरीचा अर्क घालतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळुरूच्या एका अभ्यासात २ ग्रॅम कुरकुमिनबरोबर २० मिलिग्रॅम पिपरिन दिल्यावर रक्तातलं कुरकुमिन २० पटींनी वाढलेलं आढळलं. पण पिपरिन हे करतं कसं? शरीर ज्या यंत्रणेने औषधं मोडून बाहेर टाकतं, तिलाच ते ढिलं करतं. त्यात फिटच्या गोळ्याही आल्या. फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांना पिपरिन दिल्यावर रक्तातली फेनिटॉइनची पातळी वाढल्याचं अभ्यासांत दिसलं आहे. फेनिटॉइन मोठं नाजूक: थोडं वाढलं तरी चक्कर, एकाचे दोन दिसणं, झोकांड्या. घरच्यांना वाटतं आजार वाढला! म्हणून अशी बाटली सुरू करण्याआधी ती डॉक्टरांना दाखवावी. आणि कॅप्सूलच्या भरवशावर गोळ्या अचानक बंद करणं तर सगळ्यात धोक्याचं. त्याने न थांबणारी फिट येऊ शकते.

वनस्पतीपासून फिटचं औषध होतच नाही, असं नाही. गांजाच्या झाडातलं कॅनाबिडिओल शुद्ध करून, रुग्णांवर रीतसर तपासून, २०१८ मध्ये अमेरिकेत लहानपणी सुरू होणाऱ्या दोन दुर्धर प्रकारांसाठी मंजूर झालं. त्यातही सोबतच्या क्लोबाझामचा परिणाम वाढतो, म्हणून डॉक्टर डोस जुळवून घेतात. कुरकुमिनच्या बाबतीत माणसांवरचा तेवढा भक्कम पुरावा अजून जमलेला नाही.

तोवर मेंदू वाचवण्याचं काम घड्याळ करतं. फिट आली की माणसाला कुशीवर वळवावं, गळ्याजवळचं बटण सैल करावं, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नये. कांदा-चप्पल हुंगवून फिट थांबत नाही, वेळ मात्र जातो. ५ मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर न येता लगेच दुसरी आली, तर थेट दवाखाना गाठावा.