उजवीकडून उघडणारे पुस्तक

वराळ्याहून तळेगाव दाभाड्याचे स्टेशन गाठावे आणि लोणावळ्याकडून येणाऱ्या लोकलने पुण्यास जावे, हा आम्हां मावळवासीयांचा नित्याचा परिपाठ असला, तरी गतवर्षी पावसाळा सरल्यानंतर कित्येक रविवारी मी जो प्रवास केला त्याचे प्रयोजन कचेरीचेही नव्हते आणि बाजाराचेही नव्हते. माझे एक शेजारी, वयाची साठी ओलांडून नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले बेने इस्रायल या यहुदी जमातीतील गृहस्थ, रास्ता पेठेतील सुक्कथ शेलोमो या 1921 सालच्या प्रार्थनामंदिरात एका वृद्ध जाणकारापाशी हिब्रू वाचन शिकत होते, आणि उभयतांच्या अनुज्ञेने मीही मागच्या बाकावर बसून ते शिक्षण पाहत असे. रविवारच का, असे मी विचारले तेव्हा शेजारी म्हणाले, "शनिवार म्हणजे शब्बाथ. त्या दिवशी लिहायचं नाही, आणि मला तर गिरवल्याशिवाय अक्षर लक्षात राहत नाही."

हिब्रूची अक्षरे बावीस, आणि लेखन उजवीकडून डावीकडे. एवढे ऐकून बाराखडीत मुरलेल्या माणसास काम सोपे वाटेल. परंतु ज्यांनी प्रौढपणी नवी लिपी हाती घेतली आहे त्यांनाच ठाऊक की हात वळण्यापूर्वी दृष्टी वळावी लागते. 'हे' आणि 'हेथ' ही दोन अक्षरे केवळ डाव्या पायाच्या वरच्या टोकाशी असलेल्या बारीक फटीमुळे भिन्न. 'दालेथ'चा कोपरा कोनाकार, 'रेश'चा गोलसर, बाकी सर्व सारखे. माझ्या शेजाऱ्यांची गाडी या कोपऱ्यापाशी दर आठवड्यास अडे. "अहो भाऊ, कोपरा बघा, कोपरा," असे गुरुजी म्हणत आणि आपल्या नखाने कागदावर तो कोन दाखवीत. एके दिवशी त्यांनी या आग्रहाचे कारण सांगितले. 'शेमा' या नित्यपठणाच्या पहिल्या वाक्यातील अखेरचा शब्द 'एहाद' म्हणजे 'एक'. त्यातील दालेथच्या जागी रेश वाचला गेला तर 'अहेर', म्हणजे 'दुसरा', असा शब्द होतो, आणि ईश्वराच्या एकत्वाचा उच्चार करता करता वाचक त्याच्या नेमका उलट अर्थ बोलून जातो. म्हणून तोरा या धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीत तो दालेथ मुद्दाम मोठ्या आकारात लिहिण्याची रीत आहे. हे ऐकल्यावर शेजाऱ्यांनी ते अक्षर पानभर गिरवले, आणि त्यानंतर त्यांची त्या ठिकाणी चूक झालेली मी पाहिली नाही.

हाच 'शेमा' बेने इस्रायल समाजाच्या इतिहासाचाही आरंभबिंदू आहे. कोकणच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' या नावाने ओळखले गेलेले हे लोक शतकानुशतके धर्मग्रंथांवाचून राहिले. सुंता, शब्बाथ आणि काही उपवास त्यांनी सांभाळले. सणांना 'दारफाळणीचा सण', 'बिरड्याचा रोजा' अशी मराठी नावे दिली. परंतु हिब्रू प्रार्थनांपैकी त्यांच्या मुखी मुख्यतः शेमा तेवढा उरला होता. पुढे सामाजी हसाजी दिवेकर यांनी 1796 साली मुंबईत पहिले प्रार्थनामंदिर बांधले. बेने इस्रायल लोक त्यास 'मशीद' म्हणत आणि मशीद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडल्याचे सांगतात. त्यानंतर कोचीनहून शिक्षक आले, आणि स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण छापले. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी तर प्रार्थनेची एकामागून एक पुस्तके मराठीत आणण्यातच आपले आयुष्य वेचले. मुकादम, चौगुले, काजी असे आपल्या गावगाड्यातील हुद्दे ज्या जमातीच्या कारभारात रुळले होते, त्या जमातीतील थोरामोठ्यांनी संसार चालवता चालवता स्वधर्माची अक्षरओळख करून घेतली. त्यामुळे साठीचा विद्यार्थी या मंदिरात कोणास नवल वाटत नाही.

शिक्षणाचे माध्यम मराठी आहे, आणि माझ्या मते हीच या सबंध व्यवहारातील सर्वांत मोलाची गोष्ट होय. हिब्रूतील 'त्सादी' कसा उच्चारावा हे सांगण्यास गुरुजींना फार खटाटोप करावा लागला नाही. "चमच्यातला च," एवढे म्हणताच काम झाले. पुण्यातच 1874 साली शिळाछापावर निघालेल्या हग्गादाची एक प्रतिकृती त्यांनी आम्हांस दाखवली. वल्हांडणाच्या रात्री मिसरातून झालेल्या सुटकेची कथा सांगण्याचा हा ग्रंथ, हिब्रूशेजारी मराठी घेऊन उभा. आणि त्यातील चित्रात बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या स्त्रिया चक्क लुगडी नेसलेल्या. ते चित्र शेजारी कितीतरी वेळ पाहत राहिले. "आमची आजी अशीच बसायची," एवढेच ते बोलले.

अशा बोलण्यातून माझेही अज्ञान फिटत गेले. एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने होणाऱ्या मलिद्याच्या विधीविषयी बोलताना शेजाऱ्यांनी खंडाळ्याचा उल्लेख केला, तेव्हा मी मावळातला माणूस आमचा घाटमाथ्यावरचा खंडाळा समजलो. पण संदेष्ट्याच्या आगमनाची खूण जेथे दाखवतात ते खंडाळे अलिबागकडचे.

छापील पुस्तकात स्वरचिन्हे असतात, तोराच्या चर्मपत्रावर ती नसतात. म्हणून आठवड्याचा भाग आधी पुस्तकातून सुरावटीसह पाठ करावा लागतो, आणि मग मूळ गुंडाळीतून, चर्मपत्रास बोट न लावता, 'याद' नावाच्या चांदीच्या कांडीने ओळ दाखवीत वाचावा लागतो. वर्षभराचे असे चोपन्न भाग. जाहीर वाचनास किमान दहा प्रौढ पुरुष हजर हवेत आणि त्यांत निदान एकास वाचता यायला हवे. 1948 नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली, हे लक्षात घेतले म्हणजे मागे राहिलेल्या मंदिरांत एका नव्या वाचकाची किंमत काय, ते वेगळे सांगावे लागत नाही. शेजाऱ्यांना आजमितीस तीन ओळी निर्वेधपणे वाचता येतात.

एका रविवारी गुरुजींनी कपाटातील जीर्ण पुस्तकांचा गठ्ठा दाखवला. ईश्वराचे नाव असलेले कागद यहुदी लोक रद्दीत घालीत नाहीत, त्यांचे दफन करतात. पण या गठ्ठ्यात मराठी छपाईची पुस्तके होती, आणि ती पुरण्याआधी कोणी वाचावीत एवढ्यासाठी त्यांनी राखून ठेवली होती. वाचकहो, आपल्या वाड्याच्या माळ्यावर, एखाद्या जुन्या शेजाऱ्याने जाताना ठेवून दिलेल्या पेटीत, उजवीकडून उघडणारे आणि मध्येच मराठी बोलणारे असे पुस्तक सापडले, तर ते रद्दीवाल्यास देऊ नका. जवळच्या बेने इस्रायल मशिदीत नेऊन द्या. तेथे ते वाचायला शिकणारी माणसे अजून आहेत.