लेकरांना डोंगर दाखवायचाय? केडगावातून भंडारदरा-कळसूबाईच्या दोन दिवसांच्या सहलीचं नियोजन असं करा

केडगाव : दिवाळीची सुट्टी जवळ आली की घराघरात एकच विषय निघतो. पोरं मोबाईलवर बर्फाचे, झिपलाईनचे व्हिडिओ दाखवतात आणि म्हणतात, "पप्पा, मनालीला जाऊ." मनालीला जायचं म्हटलं तर दोन-दोन दिवस जाण्या-येण्यातच मोडतात. मागे दावणीची जनावरं, दुधाची धार, कांद्याचं रोप, हे कोण बघणार? मग विषय तिथंच थांबतो आणि सुट्टी घरीच जाते.

पण महाराष्ट्रातला सगळ्यात उंच डोंगर आपल्याच जिल्ह्यात आहे. अकोले तालुक्यातलं कळसूबाई शिखर १६४६ मीटर म्हणजे ५४०० फूट उंच. त्याच्या शेजारी भंडारदरा धरण, रंधा धबधबा, रतनगड, हरिश्चंद्रगड. केडगावातून अंतर साधारण दीडशे किलोमीटर. शनिवारी पहाटे निघालं तर रविवारी रात्री घरी. एका दिवसापुरतं दूध काढायला शेजारी-भावकीतला माणूस मिळतो, आठ दिवसांसाठी मिळत नाही.

आणखी एक गोष्ट मुलांना निघण्याआधीच सांगण्यासारखी आहे. नगर शहराला पाणी येतं ते मुळा धरणातून. ही मुळा नदी उगम पावते हरिश्चंद्रगडाच्या परिसरात. म्हणजे घरच्या नळाचं पाणी ज्या डोंगरातून निघतं, तोच डोंगर बघायला आपण चाललोय. एवढं कळलं की पोरांचे प्रश्न सुरू होतात आणि सहलीत रंगत येते.

आधी महिना ठरवा, मग जागा

डोंगरातली सहल बिघडते ती बहुतेक वेळा चुकीच्या महिन्यामुळं. नगर तालुका अवर्षणाचा, वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसावर आपलं भागतं. अकोल्याचा पश्चिम भाग मात्र वेगळाच आहे. घाटघरला तर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. त्यामुळं आपल्याकडच्या आभाळावरून तिकडचा अंदाज बांधता येत नाही.

जुलै-ऑगस्ट : धबधबे जोरात, पण निसरडं, धुकं आणि गर्दी. लहान मुलांना घेऊन चढाई नको. धरण आणि रंधा लांबून बघावं.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी : कुटुंबासाठी हाच काळ सर्वांत चांगला. वाट कोरडी, दिवाळीपर्यंत डोंगर हिरवा. भाताची कापणी-झोडणी बघायला मिळते. रात्री मात्र चांगली थंडी पडते.

मार्च ते मे : दुपारी ऊन तापतं. चढाई करायची तर पहाटेच. मेच्या शेवटापासून पाऊस स्थिरावेपर्यंत काजव्यांचे दिवस, पण तेव्हा शेतात पेरणीपूर्व कामांची घाई असते. एक मुक्काम जमत असेल तर जरूर जावं.

सगळ्यात लहान मुलावरून बेत आखा

बहुतेक घरांत उलटं होतं. मोठी माणसं ठिकाणं ठरवतात आणि पोरांना ओढत नेतात. सहा वर्षांचं लेकरू अर्ध्या वाटेत बसलं की बाप चिडतो, आई उचलून घेते आणि दोघंही दमतात. म्हणून नियम सोपा ठेवावा : घरातलं सगळ्यात लहान मूल किती चालतं, त्यावर दिवस ठरवायचा. दिवसाला एकच मोठं काम. बाकीचा वेळ पाणी, माती, दगड यांत खेळायला मोकळा.

पाच वर्षांच्या आतली मुलं : भंडारदरा धरण, बाग, बोटिंग, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर. मंदिर हेमाडपंती आहे, दगडावरचं कोरीवकाम आणि जवळची पुष्करणी बघत तास-दीड तास सहज जातो. प्रवरा नदी उगम पावते ती इथल्याच रतनगडावर.

सहा ते नऊ वर्षं : वरचं सगळं, शिवाय तलावाकाठी तंबूत मुक्काम आणि गावकऱ्यासोबत जंगलातली छोटी पायवाट. नशीब असेल तर झाडावर शेकरू दिसते. कळसूबाईची वाट जिथपर्यंत झेपेल तिथपर्यंतच.

दहा वर्षांच्या पुढं : चालायची सवय असेल तर कळसूबाई, किंवा पाचनई गावातून हरिश्चंद्रगड. गडावर केदारेश्वराच्या गुहेत गार पाण्यात मोठं शिवलिंग आहे. चार खांबांपैकी एकच शाबूत राहिलाय. मुलं ते विसरत नाहीत. कोकणकड्यावर मात्र मुलाचा हात सोडायचा नाही आणि कडेला जाऊन फोटो काढायचा नाही.

सराव घरापासून

शाळेत पळणारं पोरगं डोंगर चढेलच असं नाही. चढाला मांडीला आणि उताराला गुडघ्याला वेगळाच ताण येतो. निघण्याआधी तीन आठवडे सकाळी घरच्यांनी मिळून अर्धा-पाऊण तास चालावं. एका रविवारी चांदबिबी महालाच्या डोंगरावर जावं. गाडी खाली लावून पायी चढावं. (लोक चांदबिबी महाल म्हणत असले तरी ती निजामशाहीतल्या सलाबतखानाची कबर आहे, हेही मुलांना सांगता येईल.) मूल तिथं हसत चढलं-उतरलं तर पुढचा विचार करावा. तिथंच कुरकुर केली तर कळसूबाई पुढच्या वर्षी.

बूट नवे कोरे घालून नेऊ नयेत, फोड येतात. महिनाभर वापरलेले, तळाला खाचा असलेले बूट चांगले. मुलाच्या पाठीवरचं ओझं त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. २५ किलोच्या मुलाला अडीच किलो, म्हणजे पाण्याची बाटली, स्वेटर आणि खाऊ एवढंच.

जायचं कसं, खर्च किती

रस्ता : नगर, राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले, राजूर आणि तिथून शेंडी-भंडारदरा. ऊसतोडणीच्या हंगामात राहुरी-लोणी पट्ट्यात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. अंधारात मागं लाल दिवा नसलेली ट्रॉली पटकन दिसत नाही. म्हणून पहाटे निघालं तरी वेग आवरावा आणि परतीला अंधार पडण्याआधी संगमनेर गाठावं. पेट्रोल-डिझेल अकोले किंवा राजूरलाच भरून घ्यावं.

गाडीचा हिशेब : जाऊन-येऊन आणि तिकडचं फिरणं धरून ४०० किलोमीटर. गाडी १६ चा ॲव्हरेज देत असेल तर २५ लिटर. लिटरला १०५ रुपये धरले तर २,६२५ रुपये. दोन घरांनी मिळून मोठी गाडी केली तर माणशी खर्च आणखी उतरतो.

एसटीनं जायचं तर संगमनेर आणि अकोले किंवा राजूरला गाडी बदलावी लागू शकते. पण सवलती मोजून बघा. महिलांना अर्धं तिकीट, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढच्यांना मोफत. आई, दोन मुलं आणि आजी बरोबर असेल तर पूर्ण तिकीट फक्त बापाचं. आधार कार्ड सोबत ठेवावं. शेंडीकडं जाणारी शेवटची गाडी किती वाजता, हे आदल्या दिवशीच स्थानकावर विचारून घ्यावं.

मुक्काम : भंडारदऱ्याला पर्यटन महामंडळाचं निवास आहे. शेंडी, रतनवाडी, बारी या भागात घरगुती सोय आणि तंबू मिळतात. ठरवताना चार गोष्टी फोनवरच विचाराव्यात : जेवण धरून भाव किती, मुलांचा भाव किती, संडास जवळ आहे का आणि पाऊस आला तर तंबूऐवजी पक्की खोली मिळेल का. सगळे पैसे आधी पाठवू नयेत. थोडी विसार, बाकी पोचल्यावर. तंबू अगदी पाण्याच्या काठाला नको, कारण रात्री उठलेलं मूल अंधारात कुठं जाईल सांगता येत नाही.

दोन दिवसांचा नमुना

पहिला दिवस : पहाटे पाचला केडगावातून निघणं. संगमनेरला नाष्टा. दुपारच्या आत भंडारदरा. जेवण, आराम. मग धरण बघणं. हे धरण इंग्रजांच्या काळात बांधायला घेतलं आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. साठवण ११ टीएमसी. आपल्या मुळा धरणाची २६ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, हा हिशेब मोठ्या मुलांकडून करून घ्यावा. संध्याकाळी तलावाकाठी. बोटीत बसायचं तर प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट हवं, मुलांना मुलांच्या मापाचं. ते नसेल तर बोट नको. रात्री चांदण्या. शहराचा उजेड नसल्यानं आकाश वेगळंच दिसतं.

दुसरा दिवस, चढाई करणाऱ्यांसाठी : पहाटे साडेपाचला बारी गावातून सुरुवात. मोठी माणसं साधारण तीन-साडेतीन तासांत वर पोचतात, मुलांसोबत चार ते पाच तास धरावेत. अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या आहेत. शिडीवर मुलाच्या खाली एक मोठा माणूस हवाच. मुलानं दोन्ही हातांनी कठडा धरायचा, मोबाईल खिशात. गर्दी असेल तर थांबावं, ढकलाढकलीत चढू नये. नवरात्रात कळसूबाईच्या दर्शनाला मोठी गर्दी असते, तेव्हा लहान मुलं नेणं टाळावं.

एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा : सकाळी साडेदहा वाजता जिथं असाल तिथून मागं फिरायचं. शिखर दहा मिनिटांवर दिसत असलं तरी. उतरताना पाय थकलेले असतात आणि पडणं-मुरगळणं तेव्हाच जास्त होतं. शिखर कुठं पळून जात नाही.

दुसरा दिवस, लहान मुलं असणाऱ्यांसाठी : सकाळी रतनवाडी, परतीला रंधा धबधबा कठड्याच्या आतून. शेतीची आवड असेल तर कोंभाळणे गावाची चौकशी करावी. पद्मश्री राहीबाई पोपेरे यांची गावरान बियाण्यांची बँक तिथं आहे. हायब्रीडच्या पुड्या बघून वाढलेल्या पोरांना वालाच्या इतक्या जाती असतात हे नवलाचं वाटेल.

पाण्याशी खेळ नाही

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यात चार मुलं होती. कडेचे लोक बघत होते, पण कुणालाच काही करता आलं नाही.

हे कसं घडतं ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. आपल्या शिवारात थेंब नसतो, वर डोंगराला पाऊस होतो आणि ओढ्याला अचानक लोंढा येतो. डोंगरात हे आणखी लवकर होतं, कारण खाली सगळा कातळ. पाणी मुरत नाही, थेट खाली येतं. घोट्याएवढं पाणी काही मिनिटांत कमरेपर्यंत चढतं. पाणी गढूळ झालं, काड्या-पालापाचोळा वाहून यायला लागला किंवा आवाज वाढला, की ती धोक्याची खूण. सामान सोडून आधी मुलांना उंचावर घ्यावं. धरणाखालच्या नदीपात्रात तर उतरूच नये, वरून कधी पाणी सुटेल याचा नेम नाही. साम्रदच्या सांधण दरीतही हेच. ती दोन कड्यांमधली अरुंद घळ आहे. पाऊस आला तर बाजूला पळायला जागाच नाही. पावसाळ्यात तिकडं मुलं नेऊ नयेत.

काजवे बघायचे असतील तर

काजव्याचा उजेड म्हणजे नर-मादीची एकमेकांना हाक असते. आपण टॉर्च मारला, गाडीचे लाईट चालू ठेवले, की त्यांना ती खूण दिसत नाही आणि पुढची पिढी घटते. म्हणून मोबाईल बंद, आवाज कमी, झाडाखालचं गवत तुडवायचं नाही. बाटलीत काजवे भरायचा हट्ट मुलांनी केला तर समजावून सांगावं. हा भाग अभयारण्याचा आहे, वनखात्यानं ठरवलेल्या वेळा आणि प्रवेश शुल्क पाळावं लागतं.

पिशवीत काय

पाणी माणशी दोन लिटर, मुलांना दीड. गूळ-शेंगदाणे, दशम्या, केळी, लिंबू-मीठ-साखर. स्वेटर आणि कानटोपी : दर हजार मीटर उंचीला सहा-साडेसहा अंश तापमान उतरतं, त्यामुळं शिखर केडगावपेक्षा चांगलंच गार लागतं. टॉर्च, शिट्टी, पट्टी-मलम, मुलांची नेहमीची औषधं, जास्तीचे मोजे. आतल्या गावांत रेंज जाते, म्हणून घरच्यांना मुक्कामाचं गाव आणि परतीची वेळ आधीच सांगून ठेवावी. मूल हरवलं तर त्यानं पळायचं नाही, तिथंच थांबून शिट्टी वाजवायची, हे घरीच दोनदा करून घ्यावं. साप चावला तर बांधाबांध, चिरणं, मांत्रिक काही नको. अंग न हलवता थेट दवाखाना. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर मदतीसाठी ११२.

डोंगरातल्या माणसाच्या घरी उतरलात तर भाव करताना हात थोडा सैल ठेवा. तीही शेतकऱ्याचीच घरं आहेत. भात-नाचणीवर भागत नाही म्हणून ती पाहुणे ठेवतात. आणलेला प्लास्टिकचा कचरा परत घेऊन या. हरिश्चंद्रगडाकडं टाकलेली पिशवी पावसात ओढ्याला लागते, ओढा मुळेला मिळतो, आणि मुळेचं पाणी शेवटी आपल्याच नळाला येतं.